पाळीव पोपटांसाठी घरटे-पेटी : निवड, बांधणी व परिणाम

पोपटकुळातील बहुतेक पक्षी घरटे बांधत नाहीत. ते झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि ती ढोलीही बहुधा दुसऱ्या कुणीतरी पोखरलेली किंवा फांदी कुजून आपसूक झालेली असते. काटक्या रचून स्वतःचे घर उभारणारा पोपट म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या मंक पॅराकीटचे नाव घेतले जाते. बाकीची जमात आयत्या जागेत राहायला जाणारी. घरटे-पेटी हा या आयत्या ढोलीला माणसाने काढलेला पर्याय होय. पेटी बांधण्याचे श्रम सर्वस्वी मालकाचे, पसंती-नापसंतीचा अधिकार सर्वस्वी पक्ष्याचा, आणि पेटी नापसंत झाल्यास तिचा भुगा करण्याचे कामही पक्षी विनामोबदला करतो.

पेटी बांधण्यापूर्वी आपल्या पिंजऱ्यात नेमके कोण आहे, हे पाहणे आवश्यक असते. लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला हिरवा देशी पोपट असल्यास या लेखाचा पुढील भाग वाचण्याची गरज नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तो पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे, आणि ‘आमच्याकडे आजोबांपासून मिठू आहे’ हा बचाव कायद्यात कुठेही नमूद नाही. त्याच्यासाठी योग्य पेटीचे माप शून्य गुणिले शून्य गुणिले शून्य.

गॅलरीतल्या पिंजऱ्यात कायदेशीरपणे आढळणारे पक्षी मुख्यतः तीन: बजरीगर, कॉकाटील आणि लव्हबर्ड. यांतला बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. 1840 साली पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तेव्हापासून त्याची संख्या मालकांच्या हाताबाहेर गेलेली आहे. कॉकाटीलही तिकडचाच, तुरेवाला, सौम्य, आणि दुकानात ‘कॉकटेल’ या नावाने मागितला जाणारा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा व तापट असतो. आपल्याकडे मात्र बजरीगरालाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात. त्यामुळे ‘लव्हबर्डची पेटी द्या’ असे दुकानात सांगणारा मनुष्य चुकीचे माप घेऊन घरी येतो. मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे मोठ्या पक्ष्यांना इंग्रजी एल आकाराची पेटी लागते, म्हणजे वरून धप्पकन उडी मारून पक्षी थेट अंड्यांवर पडत नाही. अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही लागते. ज्यांना हे पक्षी परवडतात त्यांना सुतारही परवडतो, म्हणून त्यांचा विचार येथे संपतो.

यानंतरचा प्रश्न पेटी लावावी की नाही हा असून तो बहुसंख्य घरांत पेटी लावल्यानंतर विचारला जातो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात बजरीगर पावसाची वाट पाहतो. पाऊस पडला, गवताला दाणे धरले, की विणीला लागतो. गॅलरीत राळ्याची वाटी रोज भरलेली आणि पाणी रोज ताजे, म्हणजे त्याच्या हिशेबाने पावसाळा बारमाही. उणीव फक्त अंधाऱ्या पोकळीची असते. ती पेटी लावून भरून काढली की मादी अंडी घालू लागते. ‘रात्री बिचाऱ्यांना थंडी वाजते, झोपायला काहीतरी हवे’ हा पेटीच्या बाजूने होणारा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आहे. बजरीगर झोपतो दांडीवर, एक पाय पोटाशी घेऊन. त्याला झोपायला पेटी लागत नाही. घरातल्या आजींनी पेटीत घातलेला जुन्या स्वेटरचा तुकडा तर मुळीच लागत नाही, कारण त्याच्या धाग्यांत पाय अडकतात.

जोडी खरोखर जोडी आहे का, हेही तपासून घ्यावे. सामान्य रंगाच्या प्रौढ बजरीगराच्या चोचीवरचा मांसल भाग नरात निळा, तर विणीच्या तयारीतील मादीत तपकिरी असतो. दोन नरांना पेटी दिल्यास ते एकमेकांना अगत्याने भरवतात, पेटीत डोकावतात आणि मालकाला वर्षभर आशेवर ठेवतात. दोन माद्यांना दिल्यास निर्बीज अंडी किंवा रक्तरंजित भांडण, किंवा दोन्ही मिळते. मादी निदान वर्षाची असावी. कोवळ्या किंवा कॅल्शियम कमी पडलेल्या मादीच्या पोटात अंडे अडकू शकते आणि ती त्याने दगावते. म्हणून पेटीआधी पिंजऱ्यात समुद्रफेस टांगणे हा या विषयातील एकमेव स्वस्त शहाणपणा आहे.

आता साहित्य. कुंभाराकडचे मडके, त्याला बाजूने भोक, गळ्याशी तार: ही आपल्याकडची जुनी, स्वस्त आणि बऱ्यापैकी समाधानकारक व्यवस्था. मातीचे मडके उन्हात पत्र्यासारखे तापत नाही आणि त्याचा तळ मुळातच गोल असतो. दोष एवढाच की आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि ते धुणे जिकिरीचे जाते. दुसऱ्या टोकाला बाजारातली शोभेची पेटी असते: लाल कौलारू छप्पर, दोन खिडक्या, दारावर स्वागताची पाटी आणि वर चकचकीत रंग. ही पेटी पाहून पाहुणे हरखतात. पक्ष्याला अंधार हवा असतो, त्यामुळे खिडक्या असलेल्या पेटीत तो सहसा जात नाही. गेलाच तर रंग कुरतडून खातो. पत्र्याची पेटी एप्रिलात भट्टी होते. एमडीएफची कुरतडली की डिंकासकट पोटात जाते. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे व तारही टाळावे लागतात, कारण जस्त पोपटांना विषारी आहे आणि जे टाळायचे तेच आधी चाखायचे हा या कुळाचा स्वभाव आहे. उरतो तो साधा, रंग-पॉलिश न केलेला, किमान 12 मिलिमीटर जाडीचा लाकडी फळा. सुतार त्याला पॉलिश मारून देण्याचा आग्रह धरतो. त्याला नम्रपणे थांबवावे.

मापाच्या बाबतीत माणसाची उदारता आड येते. स्वतः दोन खोल्यांत राहणारा मालकही पोपटाला मोठे घर द्यायला पाहतो. मोठ्या पेटीत अंडी इतस्ततः घरंगळतात, मादीच्या पोटाखालून सुटतात आणि गार पडतात. बजरीगराला 15 सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व 20 सेंटिमीटर उंच पेटी पुरते. भोक 4 सेंटिमीटर. लव्हबर्डला थोडी मोठी पेटी आणि 5 सेंटिमीटरचे भोक. कॉकाटीलला साधारण 25 बाय 25 बाय 30 आणि भोक साडेसहा-सात सेंटिमीटर. भोक वरच्या बाजूला आणि एका कडेला पाडावे, मधोमध नव्हे, म्हणजे आत शिरणारा पक्षी अंड्यांवर उतरत नाही. मधोमध भोक फोटोत छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग. भोकाखाली बाहेरून एक दांडी द्यावी, कारण मादी आत बसलेली असताना नर तिथूनच तिला भरवतो. आतल्या भिंतीवर आडव्या खाचा पाडाव्यात, नाहीतर पिल्लांना वर चढता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग तळाचा, आणि सुतार व पक्षिशास्त्र यांची खरी गाठ इथेच पडते. पेटीच्या तळाला मधोमध उथळ, वाटीसारखा खळगा हवा. बजरीगर पेटीत काहीही आणून अंथरत नाही. आपण काही अंथरले तर तेही पुष्कळदा बाहेर भिरकावतो. सपाट, गुळगुळीत तळावर अंडी पांगतात आणि पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पाय एकदा फाकून हाडे पक्की झाली की ते पिल्लू दांडीवर नीट बसू शकत नाही. सुताराने मात्र आयुष्यभर पृष्ठभाग सपाट करण्याचे शिक्षण घेतलेले असते. खळगा पाडा असे सांगितल्यावर तो आधी फळीकडे, मग मालकाकडे पाहतो आणि शेवटी लेव्हल लावून तळ अचूक सपाट करून देतो. म्हणून दोन सेंटिमीटर जाडीची वेगळी फळी घेऊन तिच्यात गोल पटाशीने खळगा कोरून घ्यावा व काम संपेपर्यंत समोर उभे राहावे. तरीही खळग्यात रंध्याचा जाडसर कीस थोडा घालावा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो.

लव्हबर्डची गोष्ट निराळी. ते सामान स्वतः आणतात: कागदाच्या, सालीच्या, कोकणात असल्यास झावळीच्या लांब पट्ट्या कातरून. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोचून नेतो, तर फिशरचा लव्हबर्ड चोचीत धरून. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम डिल्गर याने या दोन जातींचा संकर केला, तेव्हा त्या संकरित पिल्लांना पट्ट्या खोचायच्या तर होत्या, पण खोचता येत नव्हत्या. चोचीतून न्यायला शिकायला त्यांना वर्षे लागली. घरात रोजचा पेपर येत असल्यास तो लव्हबर्डच्या आवाक्याबाहेर ठेवावा. ते अग्रलेख व छोट्या जाहिराती असा भेद करत नाहीत.

पेटी पिंजऱ्याच्या बाहेरून, शक्य तितकी उंच टांगावी. अनेक जोड्या असल्यास सर्व पेट्या एकाच उंचीवर आणि जोड्यांपेक्षा संख्येने जास्त असाव्यात. अन्यथा वरच्या पेटीवरून सगळ्या माद्या भांडतात आणि खालच्या पेट्या रिकाम्या राहतात. दिशेबाबत ईशान्य की आग्नेय ही चर्चा निरर्थक आहे. दुपारचे ऊन पेटीवर पडत नाही ती दिशा शुभ. पाहणीसाठी बाजूला बिजागरीचे दार ठेवावे आणि ते दिवसातून एकदा, मादी बाहेर आल्यावर उघडावे. दर तासाला मोबाइलचा टॉर्च लावून कौटुंबिक ग्रुपवर व्हिडिओ टाकणे यास पाहणी म्हणत नाहीत.

बजरीगराची मादी एकाआड एक दिवस असे चार ते सहा अंडी घालते आणि साधारण 18 दिवसांत पहिले फुटते. पिल्ले अंदाजे पाच आठवड्यांची होऊन पेटीबाहेर येतात, आणि ती बाहेर पडायच्या आतच मादी पुष्कळदा पुढची अंडी घालू लागते. पहिल्या खेपेची पिल्ले बहीण, शेजारी व मुलाचे वर्गशिक्षक यांच्यात मानाने वाटली जातात. दुसऱ्या खेपेच्या वेळी ही मंडळी फोन उचलत नाहीत. तिसऱ्या खेपेपर्यंत मालकाच्या घरी येणेच लोक टाळू लागतात, आणि उरलेली पिल्ले विकणाऱ्याकडे परत जातात, तिथून दुसऱ्या गॅलरीत. त्यांना बाहेर सोडून देणे हा मार्ग नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला बजरीगर कावळ्या-घारींपुढे फार काळ टिकत नाही. वर्षाला दोन खेपा झाल्या की पेटी काढावी, गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि पुढल्या वर्षापर्यंत माळ्यावर टाकावी.

पिल्ले नकोच असतील तर अंडी उचलून फेकू नयेत; मादी त्यांच्या जागी नवी घालते व खंगत जाते. तीच अंडी उकळून, गार करून परत ठेवावीत किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवावीत. मादी त्यांवर तीन आठवड्यांच्या आसपास बसते, मग कंटाळून सोडून देते, आणि तेव्हाच पेटी उतरवावी. उतरवताना जाड हातमोजे घालावेत. बजरीगराची मादी वजनाने तीस-चाळीस ग्रॅमच असते, पण चावते रक्त निघेपर्यंत.