कोनमापकवाले सर

पोराची निवड अजून जिल्ह्यालाही झालेली नसते, तोवर स्वतःचा पासपोर्ट काढून बसलेले एक सर तुमच्याही तालुक्यात असणारच. आमचे नांदेडला आहेत. शिकवतात भूमिती, बोलतात जपान. पासपोर्ट कोराच.

निमित्त ‘इन्स्पायर-मानक’ या शाळकरी पोरांसाठीच्या सरकारी विज्ञान योजनेचं. निवडलेल्या पोराला प्रयोगासाठी १० हजार रुपये मिळतात. मग जिल्हा, राज्य, देश असं करत मोजकी पोरं ‘साकुरा सायन्स’ या जपानी कार्यक्रमातून आठवडाभर जपानला जातात. तिथवर कोण पोचेल ते पोचेल, सरांची तयारी जूनपासूनच.

तयारी म्हणजे जपानी रीतीनं वाकणं. ओळखीच्याला १५ अंश, पाहुण्याला ३०, फारच मोठा माणूस असला तर ४५. फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन सर पोरांच्या कंबरेशी उभे. “अठ्ठावीसच झालेत की रे. दोन कमी पडायलेत. त्या माणसाला काय वाटंल?” पोर म्हणालं, “सर, त्याच्याकडं कोनमापक नसतोय की.” त्याला तसंच धरून ३०वर आणलं. शिपाईमामा हल्ली १५ अंशांत घंटा देतात. मुख्याध्यापकांनी मणक्याचं सर्टिफिकेट दाखवून सुटका करून घेतली. शिक्षणाधिकारी तपासणीला आले त्या दिवशी मात्र सर स्वतः इतके वाकले की नववीतली एक पोरगी म्हणाली, हा कोन जपानात शिकवत नसतील.

रविवारी सगळी फौज सचखंड गुरुद्वाऱ्यात. जोडे जमा करा, पाय धुवा, पंगतीत खाली बसा, नंतर लंगरची भांडी घासा. “हेच की जपान! तिथं पोरं आपला वर्ग आपणच झाडतात.” तिथल्या सूपातसुद्धा माशाचं पाणी असतं म्हणून शाकाहारी पोरांच्या बॅगेत धपाटे आणि शेंगाची चटणी. शेवया सुर्रकन ओढलेल्या तिथं चालतात. त्या धड्याला वेगळा सराव लागला नाही.

जपानी घरात आधी बाहेर अंग धुतात, मग टबात बसतात, आणि त्याच पाण्यात पाळीपाळीनं अख्खं कुटुंब बसतं, हे कळल्यावर सरांचा ऊर भरून आला. सर मूळचे लातूर जिल्ह्यातले. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा त्यांच्या बहिणीकडं एकाच बादलीत आंघोळ, कपडे, फरशी आणि शेवटी तुळस अशी रांग होती. “आपण त्यांच्या पुढंच हाव बगा.” भारतातली पोरं साकुरात जायला लागली तीही २०१६ पासूनच. सर याला योगायोग मानत नाहीत.

भूकंपाच्या तासाला मात्र कोनमापक कपाटात. घंटा झाली की बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हसायचं नाही. एकदा एक पोर बाकाखालून “म्याव” म्हणालं. सर रागावले नाहीत, पण शाळा सुटेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. त्यांचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जन करून निजलेल्या गावांवर पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती कोसळल्या. सर सहावीत होते. पुढचं ते सांगत नाहीत. जपानातल्या शाळांत ही कवायत नेमानं होते, हे त्यांना नोकरी लागल्यावर कळलं. “आमाला लेझीम शिकवलं होतं,” एवढंच म्हणाले.

हा माणूस डोक्यात जातो, असं मी घरी वरचेवर सांगतो. यंदा खटपट करून माझी पोरगी त्यांच्याच तुकडीत घातली, ते वेगळं.

मध्यंतरी त्यांची एक विद्यार्थिनी खरंच जाऊन आली. सोबतच्या शिक्षकांच्या यादीत सरांचं नाव नव्हतं; ते कधीच नसतं. पोरगी पेढे घेऊन आली. म्हणाली, “सर, मी बरोबर तीसात वाकले, तर समोरची पोरं हात जोडून नमस्ते म्हणायला लागली.”

सर विचारात पडले. मग म्हणाले, “कोपर किती अंशात होतं?”