खरं सांगून संपलं

आयल्ट्समध्ये नापास कोणी होतच नाही. इंग्रजीच्या या परीक्षेत शून्य ते नऊ असे बँड मिळतात. नऊवाला तज्ज्ञ, पाचवाला बेताचा, आणि शून्य फक्त पेपरला हातच न लावणाऱ्याला. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारांच्या बँडांची बेरीज करायची आणि चाराने भागायचं. उत्तर सव्वासहा आलं तर साडेसहा देतात, पावणेसात आलं तर चक्क सात. दहावीच्या ग्रेस मार्कांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हा हिशेब अगदी घरचा वाटतो. मात्र बेरीज पंचवीसऐवजी साडेचोवीस भरली की तोच उदार हात आखडतो आणि पदरात सहाच पडतात. परदेशातली कितीतरी विद्यापीठं साडेसहा मागतात. मग भरा पुन्हा फी.

ऐकण्याचे प्रश्न ४० आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. आईने तीनदा हाक मारल्याशिवाय ‘ओ’ न देणाऱ्या पोरांची पंचाईत होते ती इथेच. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन लिहिलेत, तर गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला.

वाचनाचेही प्रश्न ४०. त्यातल्या काही विधानांपुढे बरोबर, चूक किंवा ‘उताऱ्यात दिलेलं नाही’ यांतलं एक लिहायचं असतं. हा तिसरा पर्याय मला फार आवडतो. आमच्या कट्ट्यावर कुठलाही विषय काढा, पेट्रोलचा भाव असो की शेजारच्यांच्या मुलाचं लग्न, ‘याबद्दल माहिती दिलेली नाही’ असं कोणी म्हणाल्याचं स्मरत नाही.

पण खरी गंमत बोलण्याच्या परीक्षेत आहे. ११ ते १४ मिनिटं परीक्षक समोर बसतो. बोलण्यातला ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार हे चारच निकष, चारही सारख्या वजनाचे. मधल्या टप्प्यात एक कार्ड हातात देतात. एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायला.

माझ्या भाचीने सरावासाठी मला परीक्षक केलं. कार्डावर होतं, ‘न विसरता येणारा प्रवास’. तिने पुणे–सातारा एसटी निवडली. बस वेळेवर सुटली, खिडकीची जागा मिळाली, साताऱ्याला उतरले. मोबाइलवरचं घड्याळ अजून अर्ध्या मिनिटालाही पोचलं नव्हतं.

“पुढे?” मी म्हटलं.

“पुढे काय, मामा? खरं सांगून संपलं.”

या परीक्षेत खरेपणाला गुण नाहीत. परीक्षक काही एसटीच्या डेपोत जाऊन चौकशी करणार नाही. हे तिला पटल्यावर बस खंबाटकीच्या घाटात बंद पडली, कंडक्टरने गाणी म्हटली, एका आजींनी सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले, आणि मलाच दोन मिनिटांनी “थांब” म्हणावं लागलं. व्याकरण होतं तेवढंच राहिलं, ओघ मात्र धो धो. ‘मोजकं बोलावं’ म्हणून आपण ज्या मुलांना वाढवतो, त्यांना इथे मोजकं बोलण्याचा दंड बसतो, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

लिहिण्याचंही तसंच. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. त्यात किमान २५० शब्दांत मत मांडायचं असतं. मत कुठलं आहे याच्याशी तपासणाऱ्याला कर्तव्य नसतं. बाजू घ्या, कारणं द्या, उदाहरणं द्या. पुण्यात मत नसलेला माणूस सापडणं कठीण, पण मताला कारण द्यायची सवय नसल्याने घोडं अडतं.

एवढं करून मिळालेला निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. त्यानंतर तुमचं इंग्रजी उडून गेलं असं समजायला विद्यापीठं मोकळी.

तेव्हा घरात कोणी आयल्ट्स देणार असेल, तर त्याला रोज दोन मिनिटं, मध्ये तोंड न घालता, बोलू द्या. खोटं बोलत असला तरी.