जागेचे तात्या

सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की जळकोट लागतं. या पट्ट्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एक तात्या हमखास भेटतात. रस्त्याला लागून दीड एकर, खिशात घड्या पडून फाटलेली सातबाऱ्याची झेरॉक्स आणि तोंडी एकच वाक्य : "पंपाला ह्याच्यापरीस जागा न्हाई बगा."

2018 च्या नोव्हेंबरात सरकारी तेल कंपन्यांनी देशभर पंपांच्या जाहिराती काढल्या, तेव्हापासून तात्यांचं पिकावर लक्ष नाही. फाट्यापासून किती, टोलनाक्यापासून किती, सगळं पावलांनी मोजून पाठ. बांधावर उभं राहून हात असा लांब करतात, की डिव्हायडर फोडून कट मिळालाच समजा. मध्ये आडवी येणारी चिंच मात्र त्यांना दिसत नाही. ती भावाच्या वाटणीची.

सोडतीत नाव निघालं नाही. पुढे हिरव्या पाटीच्या गाड्या दिसायला लागल्या आणि तात्यांनी पंप सोडून चार्जिंग धरलं. "टाकी नको, टँकर नको, परवानाबी नको!" इतपत खरं आहे. केंद्राच्या 2022 च्या नियमावलीत हायवेच्या दोन्ही अंगांना दर 25 किलोमीटरला एक स्टेशन हवं असं होतं, हेही त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलंय. त्यातलं 'दोन्ही अंगांना' ते हळू आवाजात म्हणतात. पलीकडचं रान चुलतभावाचं.

विजेचा विषय निघाला की बोट डीपीकडे. आता 60 किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे पाच एचपीच्या सोळाएक मोटारी एकदम चालू. त्याला बहुतेकदा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. तात्यांची डीपी शेतीच्या फिडरवरची, पाळीपाळीनं जागी होणारी, आणि दोन मोटारी लागल्या तरी फ्यूज उडवणारी. "बशीवतील की साहेब," तात्या म्हणतात. कोण, ते सांगत नाहीत.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच. पेट्रोलवाला पाच मिनिटांत जातो. चार्जिंगवाला अर्धा-पाऊण तास अडकतो. त्याला सावली हवी, चहा हवा, बाईमाणसांसाठी स्वच्छ संडास हवा. जागा पाहायला आलेल्या एका पोरानं हेच विचारलं, "पाऊण तास लोक इथं करतील काय?"

तात्यांनी बाज पुढे ओढली. "म्या हाय की बोलायला!"

पोरगं पुढच्या गावी जायला निघालं, ते पाऊण तासानं.