आठ फुटांचं पुनर्वसन

दवाखान्याचं नूतनीकरण झालं. कुठल्या, ते विचारू नका. सालेकसा ते सावंतवाडी, कुठलाही तालुका धरा. लकव्याच्या, मणक्याच्या, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांसाठी नवा वॉर्ड, नवी यंत्रं आणि दाराशी रॅम्प.

हा रॅम्प बघण्यासारखा आहे. जोतं ३ फूट उंच. नियम म्हणतो, १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी. म्हणजे निदान ३६ फूट हवी. भरली ८. उरलेल्या जागेत साहेबांच्या गाडीची शेड आणि कोनशिला बसली. वर लाद्या अशा गुळगुळीत, की पावसाळ्यात हाजरा धबधबा बघायला दरेकशाला जायला नको. पण काम वाया गेलं म्हणायची सोय नाही. मार्च-एप्रिलात त्यावर मोहफुलं झकास वाळतात, दिवाळीनंतर धान. शिपाई फटफटी ऐटीत वर चढवून सावलीत लावतो. पोरं घसरगुंडी खेळतात, शेळ्यांची तर काहीच तक्रार नाही. तपासणीचे साहेब आले, पायऱ्यांनी वर गेले आणि ‘रॅम्प उपलब्ध’ या रकान्यात बरोबरची खूण करून चहा प्यायले. त्यात खोटं काय? रॅम्प उपलब्धच आहे. चाकाची खुर्ची आली की मात्र चौघं लागतात: दोघं पुढून ओढायला, एक मागून रेटायला आणि एक ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणायला. एवढं करून वर पोचलं, की व्यायामाच्या यंत्रांवरचं प्लास्टिक दिसतं. फिजिओथेरपिस्टचं पद मंजूर आहे. माणूस नाही.

पुरे झाली थट्टा. आपल्या गोंदियाकडच्या भागात सिकलसेल हा आजार आहे; त्यात ऐन विशी-तिशीत खुब्याचं हाड निकामी होऊ शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांना दिव्यांगत्व मानलं, त्यांत तो आजार आहे. लकव्यानंतर हातपाय परत मिळवायचे ते मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत, आणि ते महिने आमचा माणूस गोंदिया-नागपूरच्या वाऱ्यांत घालवतो! दरेकशाला आगगाडीसाठी इंग्रजांच्या अमदानीत डोंगर पोखरून बोगदा काढला. इंजिनाच्या चढाची काळजी तेव्हाही होती. खुर्चीतल्या म्हातारीच्या चढाची आजही कुणाला नाही.

जुन्या सरकारी इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला त्याच कायद्याने दिलेली ५ वर्षं जून २०२२ मध्येच संपली. तेव्हा टेप घेऊन जा, जोत्याची उंची मोजा, १२ ने गुणा. लांबी कमी भरली तर लेखी अर्ज द्या. आणि पोच घ्या.