टोकन नंबर सतरा

सहलीला तीस माणसं निघाली की त्यात एक जण असा असतोच, जो तिकिटाचे पुरे पैसे भरतो आणि दिवसभर एकाही राइडमध्ये बसत नाही. फाटकातून आत शिरल्याबरोबर बाकीच्यांचं लक्ष आभाळात वेटोळं घातलेल्या रुळांकडे जातं, याचं सावलीतल्या बाकाकडे. बाक गाठायचा, रुमालाने झटकायचा, बसायचं आणि हात पुढे करून म्हणायचं, "द्या इकडे." मग पर्सा, मोबाइल, गॉगल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाचे बूट, कुणाचं मंगळसूत्र असं सगळं त्याच्या अंगाखांद्यावर जमा होतं आणि दहा मिनिटांत त्याचं खुंटाळं होतं.

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीत हे खातं अप्पांकडे आहे. खातं हा शब्द मी उगीच वापरत नाही. अप्पा तेहेतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. बँकेने टोकनं बंद केली तेव्हा अप्पांनी त्यातली वीस पितळी टोकनं रीतसर अर्ज करून, पैसे भरून, पावती घेऊन विकत घेतली. पुढे त्यांचं काय करायचं, हे त्यांना तेव्हा ठाऊक नसावं. आता सहलीला ती टोकनं कापडी बटव्यातून येतात. तुम्ही पर्स दिलीत की वहीत नोंद होते आणि तुमच्या हातात नंबर पडतो. परत येऊन "अप्पा, माझी पर्स" म्हटलंत तर समोरच्या खिळखिळ्या माणसाकडे चष्म्यावरून बघत ते म्हणतात, "टोकन?" एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं टोकन रोलर कोस्टरच्या उलट्या वळणात खिशातून पडलं. त्याला त्याचा मोबाइल पुण्यात पोचल्यावर, दोन साक्षीदारांसमक्ष मिळाला.

स्वतः न बसण्याचं कारण अप्पा लपवत नाहीत. "मला पाळणा लागतो," ते सरळ सांगतात. आपल्या भाषेत हे किती बिनबोभाट सांगता येतं बघा. भूक लागते, झोप लागते, नजर लागते, तशी गाडी लागते, बोट लागते. माणसाचा काही दोष नाही, ती वस्तूच येऊन लागते. अप्पांना मात्र हे लागणं नुसतं भोगायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं, आणि त्याला कारण झाली पालीच्या खंडोबाची जत्रा.

अप्पा मूळचे कराडकडचे. वयाच्या नवव्या वर्षी ते जत्रेतल्या लाकडी आकाशपाळण्यात बसले. चार पेट्यांचा, दोन गडी हाताने फिरवणारा. आधी भेळ झाली होती, त्यावर उसाचा रस झाला होता. तिसऱ्या फेरीला अप्पांची पेटी बरोबर माथ्यावर असताना व्हायचं ते झालं, आणि खाली कौतुकाने वर बघत उभ्या असलेल्या मामांचा त्या दिवशीचा कोरा फेटा कामातून गेला. "मामा चार वर्षं बोलले नाहीत," अप्पा सांगतात. आणि मग, न्यायाला धरून, "फेटा रेशमी होता," हेही सांगतात.

त्या फेट्याचं कर्ज अप्पा अजून फेडताहेत असं मला वाटतं. निवृत्तीनंतर लोक गीता वाचतात. अप्पांनी ओकारीवर मिळेल ते वाचलं. बाकावर शेजारी बसलात तर ते तुम्हाला कान समजावून सांगतात. कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते, तशा एकमेकींशी काटकोनात. त्यांत पाणी. डोकं वळलं की पाणी मागे रेंगाळतं आणि त्यावरून मेंदूला वळणं कळतं. "आता बघा," अप्पा वही मिटून म्हणतात, "कानाचं एक खातं, डोळ्याचं एक खातं. बसमध्ये तुम्ही पुस्तक वाचताय. डोळा लिहितो, पान स्थिर आहे. कान लिहितो, गाडी डावीकडे वळली. संध्याकाळी मेंदू बसतो ताळा करायला. हिशोब लागत नाही. आणि हिशोब लागला नाही की गाडी लागते."

मी पुष्कळ ठिकाणी हे वाचलंय, पण याहून चांगलं कुणी सांगितलेलं आठवत नाही.

पण हिशोब चुकला तर डोकं दुखावं. पोटाने का मध्ये पडावं? यावर ट्रीझमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७७ साली एक तर्क मांडला, तो अप्पांचा आवडता. रानावनात राहणाऱ्या माणसाचा कान आणि डोळा एकमेकांशी भांडू लागायचे ते काहीतरी विषारी खाल्ल्यावरच. तेव्हा भांडण दिसलं की पोट रिकामं करा, असा जुना हुकूम शरीरात बसलाय. "म्हणजे आपण तीनशे रुपयांचं थाळीचं कुपन फाडून जेवतो," अप्पा म्हणतात, "आणि पाळण्यात बसल्यावर पोट म्हणतं, याने धोतरा खाल्लाय."

अप्पांच्या दरबारात थोर लोकांना विशेष जागा आहे. ॲडमिरल नेल्सन, जन्म समुद्रावर गेला आणि जन्मभर बोट लागली. डार्विन, बीगल जहाजावर पाच वर्षं, तीच कथा. ही नावं घेताना अप्पांचा चेहरा एकाच आजाराची माणसं दवाखान्यात भेटल्यासारखा होतो. पण सगळ्यांत वरचा मान जेक गार्न यांचा. हे तेव्हा अमेरिकेच्या सिनेटचे सभासद. विमान चालवण्याचा दहा हजार तासांहून जास्त अनुभव. एप्रिल १९८५ मध्ये ते डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेले आणि तिथे त्यांना असं काही लागलं की अंतराळवीरांत त्यांच्या नावाचं मापच पडलं. संपूर्ण, पराकोटीची मळमळ म्हणजे एक गार्न. बाकीच्यांनी आपापलं त्याच्या अपूर्णांकात मोजायचं. अंतराळवीरांची ती थट्टा होती; अप्पांनी ती मेट्रिक पद्धतीइतकी गंभीरपणे स्वीकारली.

गेल्या डिसेंबरात आम्ही खोपोलीकडच्या पार्कात गेलो तेव्हा मला पाठीत उसण भरल्यामुळे अख्खा दिवस अप्पांच्या बाकावर काढावा लागला. पाठ दुखली, पण दिवस सत्कारणी लागला. अप्पांचा बाक नेहमी बाहेर पडायच्या दाराशी असतो. आत जाणारी माणसं सगळी सारखीच दिसतात, बाहेर येणारी एकासारखी दुसरी नसते. अप्पा येणाऱ्याकडे एक नजर टाकत आणि मला खालच्या आवाजात आकडा सांगत.

"पाव." हा आमचा कुणाल. रोज जिममध्ये जाणारा, दंडाला बाही न पुरणारा. तो हसत होता, पण हसू चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं होतं आणि हात रेलिंगवरून सुटत नव्हता.

"शून्य." या कुलकर्णीकाकू. वय बासष्ट, नऊवारीऐवजी आज प्रथमच पंजाबी ड्रेस. अंबाडा सुटलेला, आणि डोळ्यांत अशी चमक की काका घाबरून दोन पावलं मागे सरकले. "अप्पा, पर्स राहू द्या, मी पुन्हा जाऊन येते."

"बायकांना जास्त लागतं असं वाचलं होतं," मी म्हणालो.

"सरासरी," अप्पा म्हणाले. "सरासरीच्या पर्सला टोकन देता येत नाही."

त्यांची चार लक्षणं आहेत आणि ती याच क्रमाने येतात असा त्यांचा दावा आहे. आधी जांभई. झोप आलेली नसताना आलेली जांभई. मग घुटके, तोंडात पाणी सुटतं, माणूस पुन्हा पुन्हा गिळतो. मग वरच्या ओठावर थंड घामाचे थेंब आणि चेहऱ्याचा रंग उडणं. आणि चौथं, मौन. "बडबड्या माणूस गप्प झाला," अप्पा बोट वर करून म्हणाले, "की पिशवी उघडायची. कारण विचारत बसायचं नाही. विचारलं तर तो उत्तर द्यायला तोंड उघडतो."

लोक भितात त्या उंचावरून खाली सोडणाऱ्या राइडला अप्पा मळमळीच्या बाबतीत फारशी किंमत देत नाहीत. "ती भीती. दोन सेकंदांत संपते. पोटाला अर्ज लिहायलाही वेळ मिळत नाही." त्यांचा खरा आदर संथ गोष्टींना. साधारण पाच सेकंदांना एक, असा हेलकावा माणसाला सगळ्यांत लवकर लागतो, म्हणून समुद्रातली बोट एवढी बदनाम. आणि दुसरा आदर मुलांच्या त्या गोंडस कपबश्यांना. त्या गोल फिरतातच, शिवाय कप स्वतःभोवती फिरतो, आणि आत बसलेला शहाणा मान वळवून आईला हात करतो. फिरताना मान वळवली की तिन्ही नळ्या एकदम तीन वेगवेगळ्या तक्रारी करतात. "ज्याने कपबशीवर फुलं काढली," अप्पा म्हणाले, "त्याला माणसाच्या कानाविषयी काही माहिती नव्हती, किंवा फार होती."

आणि तसंच झालं. चारच्या सुमारास देशपांड्यांचा चिन्मय कपबशीतून उतरला आणि सरळ चालायला निघाला तो फुलांच्या ताटव्यात गेला. पाळणा थांबला तरी कानातलं पाणी लगेच थांबत नाही. वय दहा, अप्पांच्या मते हे लागण्याचं ऐन भराचं वय. दोन वर्षांखालच्या बाळांना बहुधा लागत नाही, मग ते वाढत जातं, नऊ-दहाच्या आसपास कळस, पुढे उतरत जातं. अप्पांचं काही उतरलं नाही, पण तो वेगळा विषय.

चिन्मयने जांभई दिली. अप्पांनी मांडीवरचा सगळा ऐवज माझ्याकडे सरकवला (आयुष्यात पहिल्यांदाच, टोकनाशिवाय) आणि उठले. त्यांच्या शबनममध्ये काय नव्हतं! पिशव्या, लिंबू, आवळासुपारी, आल्याच्या वड्या, ओला नॅपकिन, बसच्या सीटवर अंथरायचं वर्तमानपत्र. "शास्त्रात पेपराला आधार नाही," असं म्हणत ते पेपरही अंथरतात. त्यांनी त्या पोराला झाडाखाली बसवलं, डोकं खोडाला टेकवलं, "डोळे मीट आणि हलू नकोस" म्हणाले, आणि वेळ आल्यावर त्याची पाठ अशी धरली की त्याच्या आईलाही तसं जमलं नसतं. पोर रडवेलं झालं होतं. "अरे, माझ्या मामाला विचार," अप्पा म्हणाले आणि फेट्याची गोष्ट सुरू झाली. चिन्मय दुसऱ्या पिशवीच्या मधूनच हसायला लागला.

परतीच्या बसमध्ये अप्पांची जागा ठरलेली असते. ड्रायव्हरच्या शेजारची. रस्ता समोर दिसला की डोळ्याला वळण आधी कळतं आणि दोन्ही खाती जुळतात. ड्रायव्हरला गाडी लागत नाही ती त्यामुळेच. सकाळी ते याच जागेवरून, एका हातात लिंबू धरून, घाट सुखरूप उतरले होते. संध्याकाळी त्यांनी तिथे चिन्मयला बसवलं. लिंबूही त्याच्या हातात दिलं. "मी मागे बसतो. दिवसभर बसूनच होतो, मला काय होणार?"

मागे म्हणजे अगदी मागे, शेवटच्या लांब बाकावर, आमच्या मुक्ताशेजारी.

एक्स्प्रेस वेवर कोंडी होती म्हणून ड्रायव्हरने गाडी जुन्या घाटाने घातली. पहिल्या दोन वळणांना अप्पा छान बोलत होते. मुक्ता बारा वर्षांची, तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ती म्हणाली, "अप्पाआजोबा, तुम्ही रोलर कोस्टरचं एवढं सांगता, पण पहिल्या डब्यातून कसं दिसतं ते कधी बघितलंच नाही ना? यूट्यूबवर आहे." आणि तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला.

मी पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणणार होतो. पण अभ्यासकाला पोथी मिळाल्यावर मध्ये कोण बोलणार? अप्पांनी चष्मा सारखा केला. "हे बघ, आता चढ... आता इथे डोकं खाली... हां, इथे बघ, कानातलं पाणी इकडे जाणार आणि डोळा म्हणणार..." पडद्यावर गाडी उलटी झाली. आमची बस उजवीकडे वळली.

अप्पांनी जांभई दिली.

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. दिवसभर ती प्रत्येक राइडनंतर बाकाशी येऊन चार लक्षणं ऐकून गेली होती. अप्पा अजून समजावत होते, पण वाक्यांच्या मध्ये एकेक घुटका येऊ लागला. मग त्यांनी मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काळोख होता, टेकायला क्षितिज नव्हतं. बसमधल्या निळ्या दिव्यात त्यांच्या मिशीखाली काहीतरी चमकलं.

आणि अप्पा गप्प झाले.

"पिशवी!" मुक्ता ओरडली. अप्पांची शबनम पुढे, चिन्मयपाशी होती, आणि तिच्यात आता एकही पिशवी उरली नव्हती. अख्खी बस उठली. कुलकर्णीकाकूंनी अर्धा किलो चिवडा क्षणाचाही विचार न करता काकांच्या टोपीत ओतला आणि रिकामी पिशवी मागे पाठवली. अप्पांनी एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं. चष्मा काढून मुक्ताच्या हातात दिला. मग पाठ फिरवून दुसऱ्या हाताने तोंडातून कवळी काढली आणि तीही दिली. अप्पांना कवळी आहे हे वीस वर्षांच्या शेजारात आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मुक्ताने ती रुमालात गुंडाळली. अप्पांच्या खिशातून बटवा काढला, आत हात घालून एक टोकन उचललं, दिव्यासमोर धरून नंबर वाचला आणि त्यांच्या मुठीत ठेवलं. सतरा.

खंडाळ्याला गाडी थांबली. अप्पा पायरीवर बसून गार वारा खात होते, मूठ अजून मिटलेली. कुणाल पाणी घेऊन आला आणि सकाळपासून मनात धरलेलं विचारून मोकळा झाला.

"अप्पा, किती?"

अप्पांनी चूळ भरली. थोडा वेळ मनाशी हिशोब केला.

"पाऊण," ते म्हणाले, आणि टोकन मुक्तापुढे धरलं.