एका पेटीत दोन बिऱ्हाडं

माझ्या भाच्याकडे दोन बॉल पायथन आहेत. परदेशी अजगर, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. आपल्याकडची धामण किंवा नाग १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात पाळता येत नाही, हे तो आल्यागेल्याला बजावतो. नावं बाजीराव आणि मस्तानी. मस्तानी पुढे नर निघाली, पण तोवर नाव अंगवळणी पडलं होतं.

भाचा ट्रेकला गेला आणि दोन्ही पेट्या सदाशिव पेठेत आमच्याकडे आल्या. पेट्या दोन, हीट मॅट दोन, लपायला उपडी कुंडीही प्रत्येकाला स्वतंत्र. मी वाड्यात वाढलेलो. दोन खणांत अख्खं घराणं आणि वर परीक्षेला आलेला आतेभाऊ. सापांना स्वतंत्र ब्लॉक आणि दोन मीटरची वीज? त्यात डिसेंबरची थंडी, म्हणजे मॅट सतत चालू.

मी भाच्याला फोन लावून नीलिमकुमार खैऱ्यांचा दाखला काढला. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. पुढे कात्रजचं सर्पोद्यानही त्यांनीच उभारलं. "बहात्तर जमतात, तुझे दोन का नाहीत?"

"मामा, ते माणसाला साप उगाच चावत नाहीत हे दाखवायला होतं. साप एकमेकांबरोबर सुखी असतात हे दाखवायला नव्हतं. आणि ७२ तासांनी सगळे सुटले." एवढं बोलून रेंज गेली.

रेंज गेली ती माझी संमती समजून मी मस्तानीला बाजीरावाच्या पेटीत सोडलं. सकाळी दोघं एकाच कुंडीखाली, एकावर एक. ही म्हणाली, "अहो, किती माया आहे बघा." मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'एकत्र कुटुंब'. हृदयांचा पाऊस पडला.

रेंज परत आल्यावर भाच्याने फोटो पाहिला आणि मायेची साल काढली. अजगर एकटा राहणारा प्राणी. उबेची जागा एक, ती दोघांनाही हवी. वरचा मिठी मारत नाही, खालच्याला दाबून जागा बळकावतो. धामणींच्या ज्या 'प्रणयनृत्यावर' लोक पांढरं कापड टाकायला धावतात, तीही बहुधा दोन नरांची कुस्तीच. "आज उंदीर घातलेत का?"

घातले होते. फ्रीजरमधले, मटारशेजारचे, कोमट पाण्यात सोडवून. सापाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. ती मिळाली नाही किंवा धास्ती बसली, की गिळलेलं बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी पेटीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर, नेमक्या वधू-वर सूचक रकान्यात, एक अर्धवट विरघळलेला उंदीर पडला होता. वास जिन्यापर्यंत.

"कोणी ओकलं?" भाच्याने विचारलं.

दोघांचे चेहरे सारखेच निर्विकार. पेट्या वेगळ्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता, हे तो दोनदा म्हणाला. मी बाजीरावाला मान हलवून विचारूनही पाहिलं. शेवटी दोघांना दोन उशांच्या अभ्र्यांत घालून रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. रिक्षावाल्याला आत काय आहे हे सांगितलं नाही. त्यानेही मीटरवर वीस रुपये जास्त का, ते सांगितलं नाही. तपासणीची फी दोन रुग्णांची झाली. तेवढ्यात दोन्ही मॅट महिनाभर आरामात चालल्या असत्या.

काउंटरवरच्या मुलीने नावं लिहून घेतली आणि कौतुकाने विचारलं, "जोडी आहे का काका?"

"शेजारी," मी म्हणालो.