कंपनीतले काका

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात ज्याने उभी हयात शिफ्ट केली, तो निवृत्त झाला तरी ड्यूटीवरून उतरत नाही. रोहा-अष्टमीत अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. फंडाच्या पैशांतून घर बांधून झालेलं असतं, मुलगा पुण्याला नोकरीला असतो आणि काका सकाळी सातला गॅलरीत उभे राहून ‘फर्स्ट शिफ्ट आत गेली’ असं कोणी न विचारता जाहीर करतात. आमटी आंबट झाली की ‘बॅच बिघडली’. काकू म्हणतात, “जेवा मुकाट्याने.” या वाक्याला काकांच्या रसायनशास्त्रात उतारा नाही.

अशा काकांना अलीकडे नवं कार्यक्षेत्र मिळालंय. कोलाड-रोह्याच्या बाजूला फार्महाऊस झाली आणि प्रत्येकात एक निळा स्विमिंग पूल आला. काका त्याला ‘टाकी’ म्हणतात. मालक मुंबईचा. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड यांचं गुळगुळीत प्लास्टर त्याने हौसेने करून घेतलेलं असतं. वर्षभरात त्यावर डाग उमटतात आणि शनिवारी तर बुकिंग! मग केअरटेकर मोटारसायकलवर काकांना घेऊन येतो.

काका आल्याआल्या डागाकडे बघतच नाहीत. आधी माणसांची उलटतपासणी.

“पाणी कुठलं?”

“बोअरचं, काका.”

“तरी म्हटलं. नदीचं असतं तर गोष्ट वेगळी.” मग मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज कशी करतं आणि कुंडलिकेत कसं येतं, याचं व्याख्यान. मालक घड्याळ बघतो. “बोअरच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, साहेब. दिसत नाही. तुम्ही क्लोरीन टाकलात की त्याचा गंज होतो आणि प्लास्टरवर बसतो. शिडीचे बोल्ट गंजलेत ते वेगळंच.”

मग केअरटेकरकडे वळून, “पाण्यात काय टाकलंस रे?”

“काय नाय, काका.”

“खरं सांग.”

“थोडा मोरचूद. शेवाळ आलेलं ना.”

सुपारीवर फवारायला बोर्डो मिश्रण करतात, त्यातला उरलेला मोरचूद पोराने टाकीत ओतलेला असतो. शेवाळ मेलं, पण मोरचुदातलं तांबं प्लास्टरवर हिरवट-निळं होऊन राहिलं. काका समाधानाने मान हलवतात. गुन्हेगाराने कबुली दिल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नाही.

यानंतर प्रत्यक्ष चाचणी. हा भाग बघण्यासारखा असतो. काका शर्टाच्या खिशातून लिमसीची गोळी काढतात. मालकाला वाटतं, काकांना चक्कर येतेय. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पहिल्या पायरीवर उतरतात आणि ती गोळी तपकिरी डागावर घासतात. डाग फिकटला तर लोखंड, कारण लिमसी म्हणजे क जीवनसत्त्व, आणि क जीवनसत्त्व म्हणजे गंज सोडवणारं ॲस्कॉर्बिक ॲसिड. शेजारच्या सागाच्या पानांनी पाडलेल्या तांबूस ठशावर टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची चिमूट. तो उडाला तर झाडपाल्याचा. दोन्हींना दाद देत नाही तो तांब्याचा, नाहीतर क्षाराचा.

मालकाला एवढा धीर कुठला? “काका, सरळ ॲसिड मारू या ना!” इथे काकांचा आवाज चढतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडने डाग जात नाही, डाग ज्याच्यावर बसलाय तो थर जातो. सिमेंट आणि संगमरवर, दोन्ही कॅल्शियमचे, ॲसिडात फसफसून विरघळतात. गोचीड काढायला म्हशीचं कातडं सोलावं तसला प्रकार. दोन-चार वेळा केलं की प्लास्टर खरखरीत होतं, शेवाळाला आयती पकड मिळते आणि शेवटी पुन्हा गवंडी बोलवावा लागतो. शिवाय ॲसिड मारायला पावसाळ्यात टाकी रिकामी केली तर जमिनीत भरलेलं पाणी ती अख्खी वर उचलू शकतं. हे सांगताना काका दोन्ही हातांनी टाकी उचलून दाखवतात. आणि ॲसिड आणि टीसीएल एका बादलीत? या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत, नुसते बघतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे धाटावात शाळकरी पोरालाही ठाऊक असावं अशी त्यांची अपेक्षा.

काकांचा उपाय संथ. क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यायचा, मग साधारण चाळीस हजार लिटरला अर्धा किलो ॲस्कॉर्बिक पावडर कडेकडेने सोडायची, पंप चालू ठेवायचा. डाग गेला की धातू पाण्यातच धरून ठेवणारं औषध. क्लोरीन पुन्हा हळूहळू वाढवायचा, नाहीतर सुटलेलं लोखंड परत जागेवर. पीएच ७.२ ते ७.६. क्षाराच्या पुटावर वजरी, तीही ओली आणि हलक्या हाताने. शनिवारपर्यंत यातलं निम्मंही होत नाही.

माझ्या मते काका दहापैकी नऊ वेळा बरोबर असतात. दहाव्या वेळी डाग आतल्या सळईचा असतो. तो कशानेच जात नाही. तिथलं प्लास्टर फोडून सळईच दुरुस्त करावी लागते. पण काका त्यालाही तासभर लिमसी घासतात. ते पैसे घेत नाहीत. सल्ला मोडलेला मात्र त्यांना खपत नाही.

तेव्हा तुमच्या टाकीला डाग पडला असेल तर काकांना जरूर बोलवा. जेवायला मासे ठेवा, मोरचुदाचं आधीच कबूल करा आणि त्या शनिवारचं बुकिंग घेऊ नका.